शेतजमीन धूर सोडते की गिळते? (सोसायटीच्या ग्रुपवरल्या एका पोस्टला उत्तर)

खोडवा_राखणारा
परवा बहिणीने तिच्या सोसायटीच्या ग्रुपवरची पोस्ट पाठवली. पेटलेल्या उसाच्या फडाचा फोटो आणि खाली मजकूर: 'देशाचा कार्बन डायऑक्साइड वाढतोय तो या लोकांमुळे. टॅक्स शून्य, धूर मोफत.' त्यावर चौदा अंगठे. बहिणीला म्हटलं, तिथं बोलू नकोस, पार्किंगवरून आधीच वैर आहे. म्हणून इथं लिहितो.

भारताने डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेला हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा हिशेब २०२० सालचा आहे. त्यात ऊर्जा ७५.६६ टक्के, शेती १३.७२. २०१६ च्या हिशेबात शेती साधारण १४ होती. म्हणजे वाढतोय कोण? बरं, या १३.७२ मध्ये बहुतेक वाटा गाईम्हशींच्या रवंथाचा, भातखाचरातल्या मिथेनचा आणि नत्रखतामुळे उठणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचा. फड पेटल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड तर धरतच नाहीत, कारण तो उसाने त्याच हंगामात हवेतून ओढलेला असतो. आणि २०१६ च्या हिशेबात शेतजमीन वायू शोषणाऱ्यांच्या रकान्यात आहे, जंगलाच्या पंगतीला. अंगठेवाल्यांनी जमल्यास हेही वाचावं.

हिशेबनीस_पुणे
२०२० म्हणजे लॉकडाऊनचं साल. त्या वर्षी देशाचं एकूण उत्सर्जनच आदल्या वर्षापेक्षा ७.९३ टक्क्यांनी घसरलं. सोयीचं साल बरोबर सापडलं तुम्हाला.

खोडवा_राखणारा
साहेब, कारखाने बंद होते, म्हशी लॉकडाऊनमध्ये नव्हत्या. त्या वर्षी शेतीचा वाटा उलट फुगलेला दिसायला हवा. तरी १३.७२. गणित तुमचंच आहे, उत्तरही तुम्हीच काढा.

हिशेबनीस_पुणे
ठीक, साल सोडलं. पण 'मोजत नाहीत' आणि 'होत नाही' यात फरक आहे. पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, जळताना मिथेन निघतो, नायट्रस ऑक्साइड निघतो, काजळी निघते. पहिले दोन मोजतातही. तिसऱ्याचं काय होतं ते माझ्या आईच्या श्वासाच्या पंपाला विचारा. आम्ही डिसेंबरात कराडला जातो तेव्हा दोन पंप सोबत नेतो. शिवाय युरिया? पोतं ४५ किलोचं, त्यात कार्बन २० टक्के. जमिनीत विरघळला की पोत्यामागे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड. माझ्या गाडीने पुणे–सातारा जाऊन-येऊन तेवढा होतो. हा तर कार्बन डायऑक्साइडच ना? की तोही उसाने ओढलेला?

अमोनिया_भाऊ
खत कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस आहे, बोलतो. अमोनिया करताना नैसर्गिक वायूपासून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तोच पकडून युरिया बनतो. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००६ च्या नियमावलीप्रमाणे तो कारखान्याच्या खात्यातून वजा करून शेताच्या खात्यात मांडतात, कारण शेवटी सुटतो तो शेतात. म्हणजे धुराड्यातला वायू पोत्यात भरून बांधावर पोचवायचा आणि नाव शेतकऱ्याचं लावायचं. हिशेब चूक नाही, पण वाचणाऱ्याने एवढं तरी जाणावं. पाण्याच्या पंपाची वीज मात्र ऊर्जेत जाते, तिथे शेतकरी सुटला.

कृष्णाकाठ
सुटला काय, रात्री बाराला वीज देतात! बिबट्या मोटरच्या खोलीपाशी बसलेला असतो. मग कोण फ्लो बघत बसणार, स्वयंचलित स्टार्टर लावून सगळे झोपतात आणि पाणी सकाळपर्यंत ओढ्याला. आधी दिवसा वीज द्या, मग हवामानबदल शिकवा.

आणि फड हौसेनं पेटवतो का कोण? वाढं (उसाचा हिरवा शेंडा, जनावरांचा चारा) जातं, जळीत म्हणून कारखाना कपात करतो, खोडव्याचे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारे, कोंब भाजतात. पेटवतो कारण ऊसतोड टोळी म्हणते पाला काढायला वेळ जातो. वर एकरी खुशाली (मजुरीवरचे वरकड पैसे) वेगळी, ड्रायव्हरची एंट्री वेगळी, कोंबडं वेगळं. मागच्या साली मी अठरा हजार मोजले दोन एकराला. पावती कुठाय? हा कार्बन कुणाच्या खात्यात मांडायचा ते सांगा.

शिरूरकासार
हा विषय काढलाच आहे तर ऐका. माझे आई-बाप वीस गळीत हंगाम ऊसतोडीला तुमच्याच पट्ट्यात होते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', हे तुमच्या कागदात. पहाटे तीनला फडात, पाचटाने हात चिरलेले, पालात लेकरं. पैसे टनावर. पाला सोलण्याचा वेगळा एक पैसा नाही. तुम्हाला वाढं पाहिजे, पाचट पाहिजे, कोंब शाबूत पाहिजेत, जमिनीचा कर्ब, म्हणजे कार्बन, पाहिजे, आणि हे सगळं त्याच टनाच्या भावात. मग खुशाली मागितली की खंडणी!

कृष्णाकाठ
२०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ झाली की तोडणीच्या दराला. तरी खुशाली चालूच. ती वाढ झाली तेव्हा आमच्या खिशातून काय कमी गेलं?

शिरूरकासार
वाढ झाली, उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटली का विचारा. टोळीच्या मुकादमाने आमच्या घरचा बैल नेलाय उचलीपायी, माझ्या डोळ्यांदेखत. तुला काय कळणार बांधावर उभं राहून.

कृष्णाकाठ
एकेरीवर येऊ नका.

शिरूरकासार
बरं. तुम्हाला काय कळणार बांधावर उभं राहून.

मीरा_जो
धागा कार्बनचा होता.

शिरूरकासार
ताई, फड पेटतो की नाही हे कोयतेवाला ठरवतो. मग कार्बनचा धागा हाच.

हिशेबनीस_पुणे
हे मात्र खरं म्हणायला लागतंय. म्हणजे माझी आई आणि तुमची आई एकाच धुरात. पण मग पाला सोलण्याचे पैसे टनाच्या दरात का नाहीत, हे कारखान्याला कुणी विचारत नाही. चेअरमन सगळ्यांचे पाहुणे पडतात ना.

मीरा_जो
मूळ मुद्द्यावर. खोडवाकाका, 'शेतजमीन शोषते' यावर इतके खूश होऊ नका. आमची वाळव्याकडची जमीन. वडिलांनी २००९ मध्ये माती तपासली तेव्हा सेंद्रिय कर्ब ०.६२ टक्के. मी २०२३ मध्ये तपासली तर ०.४२. हेक्टरी वरच्या थराची माती साधारण २२ लाख किलो धरतात. त्याचे ०.२० टक्के म्हणजे ४.४ टन कर्ब, कार्बन डायऑक्साइडमध्ये १६ टनांच्या वर. तो कुठे गेला? बारमाही रोटाव्हेटर, शेणखत बंद, पाचटाला काडी. देशाच्या वहीत आमची जमीन शोषते आणि माझ्या हातातल्या कागदावर ती ओकते. दोन्ही कसं खरं?

खोडवा_राखणारा
दोन प्रयोगशाळा, दोन माणसं, खड्ड्याची खोली वेगळी. वडिलांनी नमुना शेणखताच्या ढिगाजवळून घेतला असेल. आमच्या एका प्रयोगशाळेने तर एकाच बादलीतल्या मातीचे दोन आकडे दिले होते, मी मुद्दाम दोन नावांनी पाठवली होती. एका शेतावरून देश मोजू नका.

मीरा_जो
आणि देशाच्या सरासरीवरून तुम्ही तुमचं शेत मोजता ते चालतं?

खोडवा_राखणारा
…लागलं.

अमोनिया_भाऊ
मीराताई, ०.५ च्या खाली म्हणजे कमी, हे तर खरंच. पण सरकारी वहीत वाढ दिसते त्यात बांधावरची झाडं, फळबागा हेही येतं. ती हिरवी बाजू आणि मातीची बाजू एकाच बेरजेत. बेरीज अधिक आली म्हणून माती सुधारली असं होत नाही.

कृष्णाकाठ
आमच्याकडे कार्बन क्रेडिटवाला आला होता. टाय लावून, जूनमध्ये. पाचट कुजवा, नांगरू नका, मातीत साठलेला कर्ब विकून डॉलर मिळतील. आधार, सातबारा, सही सगळं घेतलं. तीन वर्षं झाली. डॉलर सोडा, त्याचा फोनही लागत नाही. त्या सहीवर माझा कर्ब कुणी विकला असेल तर तो माणूस आता विमानात बसून 'मी कार्बन न्यूट्रल' म्हणत असणार.

हिशेबनीस_पुणे
पहिल्यांदाच तुमच्याशी शंभर टक्के सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

खोडवा_राखणारा
बहिणीला उत्तर पाठवायचं होतं, तर तुम्ही माझीच झडती घेतलीत. सांगून टाकतो: मागच्या फेब्रुवारीत माझ्याही दीड एकराला काडी लागली. टोळी चार दिवस बसून होती, पाणी बंद होत आलं होतं. नाव खोडवा_राखणारा आहे, तरीही. पोस्ट करणारा गाढव आहे हे माझं मत कायम. यंदा सरीआड पाचट ठेवतोय, आणि सोलण्याचे टोळीला वेगळे देतो, खुशाली म्हणून नाही, मजुरी म्हणून. शिरूरकासार, किती द्यावे ते तुम्हीच सांगा.

शिरूरकासार
आईला विचारून सांगतो.

मीरा_जो
आणि माती आत्ताच तपासा, पाचट पसरायच्या आधी. पंधरा सेंटिमीटर खोल घ्या. बांधाकडची नको, झाडाखालची नको, शेणखताच्या ढिगाजवळची तर अजिबात नको.