चर्चा: लोकांनी चढून बघायचं शिल्प पुण्याच्या संभाजी उद्यानात का नको?

कोथरूडकर: एर्विन वुर्म या ऑस्ट्रियन शिल्पकाराची ‘एक मिनिटाची शिल्पं’ १९९० च्या दशकापासून जगभर गाजताहेत. चौथऱ्यावर बादली, संत्री असं काहीतरी साधं, शेजारी हाताने काढलेलं चित्र आणि सूचना. आपण चढायचं, सांगितलंय तसं मिनिटभर स्तब्ध राहायचं. तेवढा वेळ शिल्प आपणच. असे चार चौथरे संभाजी उद्यानात हवेत, असं माझं ठाम मत आहे. आपली मुलं ‘हात लावू नये’ वाचतच मोठी होतात.

छिन्नीवाला: अजिबात पटलं नाही. मी दगडात काम करतो. काळ्या पाषाणात ओठाची कड काढताना छिन्नी केसभर खोल गेली तरी चेहरा बिघडतो, आणि तो परत भरून येत नाही. बादली घेऊन उभं राहण्यात हे कुठे आहे? खेळ म्हणा, मी पण खेळेन.

कोथरूडकर: त्यातलंच एक काम टेनिसच्या चेंडूंवर आडवं होण्याचं आहे, अंग जमिनीला टेकू द्यायचं नाही. घरी करून बघा. खांद्याखालचा चेंडू सरकतो, तो सावरेपर्यंत कंबर ढळते. तोल आणि वजन तुम्ही दगडात सांभाळता, इथे स्वतःच्या अंगात सांभाळायचं.

कर_भरणारा: १९७१ साली लंडनच्या टेट गॅलरीत रॉबर्ट मॉरिसने चढण्या-घसरण्याची शिल्पं मांडली होती. लोकांना इतकं लागलं की चार दिवसांत बंद करावी लागली. इथे दुरुस्ती कोण बघणार?

कोथरूडकर: तीच शिल्पं २००९ मध्ये टेट मॉडर्नमध्ये पुन्हा उभारली, जास्त सुरक्षित साहित्य वापरून. म्हणजे बांधणी सुधारता येते.

पर्वती_पायथा: माझी हरकत वेगळीच आहे. बागेत बाई चौथऱ्यावर चढली की चहूबाजूंनी मोबाईल वर होणार. पुरुषांना हे मिनिट मजेचं वाटेल, मला नाही. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात २००९ मध्ये शिल्पकार अँटनी गॉर्मलीने रिकाम्या चौथऱ्यावर २४०० लोकांना तासतासभर उभं केलं, पण त्यांनी आधी अर्ज केले होते, खाली काय होणार ते ठाऊक होतं.

कोथरूडकर: हा मुद्दा खरा आहे. मग सुरुवात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात करू या, मोबाईल दाराशी जमा.

पर्वती_पायथा: तसं असेल तर मी येईन, आईलाही आणेन.

छिन्नीवाला: मीही येईन. शिल्प मात्र म्हणणार नाही.