गाबोर साबो राहून गेला
हंगेरीत जन्मून अमेरिकेत गाजलेल्या संगीतकारांच्या चर्चेत रायनर, सेल, ऑर्मंडी या वाद्यवृंद संचालकांवर छान बोलणं झालंय, पण ते सगळे आधीच्या पिढीतले. 1956 साली हंगेरी सोडलेला गाबोर साबो राहूनच गेला! बुडापेस्टचा हा विशीतला गिटारवादक बॉस्टनच्या बर्कली या संगीतशाळेत शिकला, पुढे ड्रमवादक चिको हॅमिल्टनच्या जॅझ चमूत वाजवू लागला. त्याच्या वादनात मोकळी तार तंबोऱ्यासारखी घुमत राहते आणि तिच्यावर सूर फिरतो. त्याच्या 1966च्या ‘स्पेलबाइंडर’ या अल्बमवरची ‘जिप्सी क्वीन’ ही धून जरूर ऐका. रॉक गिटारवादक सँटानाच्या 1970च्या ‘अब्राक्सस’ या अल्बमवर ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ हे गाणं संपताना लय एकदम चढते ना, ती हीच धून. सँटानाने साबोचं ऋण मोकळेपणाने मान्य केलंय. ऐकणाऱ्यांना मात्र त्याचं नावही ठाऊक नसतं, याचं फार वाईट वाटतं.