सार्वत्रिक आरोग्यसेवेसाठी पैसा कोणत्या करातून उभारावा?

प्रश्न (परभणी): वडिलांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही घरातले सोयाबीन पडत्या भावात विकले. सर्वांना मोफत उपचार द्यायचे, तर सरकारने पैसा कोणत्या करातून आणावा?

उत्तर (लातूर): आयकरावर २०१८ पासून ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर (ठरावीक कामासाठी करावर लावलेला केंद्राचा जादा कर) आहे, परंतु उपकरातला वाटा राज्यांना मिळत नाही आणि सार्वजनिक आरोग्य हा विषय तर राज्यांचाच, त्यामुळे आधी ही वाटणी बदलावी.

उत्तर (बीड): नोकरदार व व्यावसायिकांकडून राज्य घेते त्या व्यवसाय कराची वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा १९८८ पासून तशीच आहे. ती वाढवायला घटनादुरुस्ती लागेल, तरी मोठ्या पगारदारांकडून जास्त घेणे मला न्याय्य वाटते.

प्रश्नकर्ता: पटले. मात्र आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांची खुर्चीच रिकामी असते. आलेल्या पैशातून आधी ती भरावी.