मदत हवी आहे: जुनी .फ्लेम फाइल उघडते, पण फ्रॅक्टल चित्र भलतंच दिसतं

नमस्कार मंडळी,

आमच्या गटाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ यंदा माझ्याकडे आहे. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, २००९च्या सुमारास केलेलं एक फ्रॅक्टल चित्र त्यावर घ्यायचं ठरलंय. परवानगी त्याने आनंदाने दिली, पण त्याचा तेव्हाचा संगणक कधीच भंगारात गेला. हाती उरलंय ते एवढंच: ८०० बाय ६०० पिक्सेलची एक जेपीजी आणि एका जुन्या सीडीवर सापडलेली .फ्लेम एक्स्टेन्शनची फाइल.

जेपीजी छपाईच्या आकाराला ताणली की पार फुटते. म्हणून .फ्लेमच्या मागे लागले. फोटोशॉप आणि कोरल दोन्ही ती फाइल घेत नाहीत. फाइल जेमतेम काही केबींची आहे, एवढ्यात चित्र मावलंय कसं हेही कळत नाही. शोधाशोध केल्यावर अ‍ॅपोफिसिस नावाचा प्रोग्राम मिळाला. त्याची एक जुनी आवृत्ती टाकली, त्यात फाइल उघडली. यादीत दोन चित्रं दिसायला हवीत असं दादा म्हणतो. मला एकच दिसतं, आणि तेही जेपीजीशी जुळत नाही. जेपीजीत केसासारख्या बारीक तंतूंची एकात एक वळत गेलेली चक्रं आहेत. प्रोग्राममध्ये मात्र काळ्या पार्श्वभूमीवर विखुरलेले ठिपके! एरर वगैरे काहीच नाही.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:

ताई, आधी एक गोष्ट. त्या फाइलमध्ये चित्र नाहीच, चित्राची कृती आहे. फ्लेम फ्रॅक्टल हा प्रकार स्कॉट ड्रेव्हज यांनी १९९२मध्ये काढला. एक बिंदू घ्यायचा आणि ठरलेल्या सूत्रांपैकी एखादं दर वेळी चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून त्याला उड्या मारायला लावायच्या, अशा कोट्यवधी उड्या. ज्या जागी बिंदू जास्त वेळा पडतो ती जागा उजळ, आणि ही उजळता लॉगॅरिदमने मोजायची, म्हणून अगदी विरळ तंतूही डोळ्याला दिसतात. फाइलमध्ये फक्त सूत्रं आणि रंग असतात. चित्र दर वेळी नव्याने मोजलं जातं, त्यामुळे ते कितीही मोठं काढता येतं. तुमचं काम होण्यासारखं आहे, जेपीजीचा नाद सोडा.

फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. आत एक्सएमएल दिसेल. 'एक्सफॉर्म'ने सुरू होणाऱ्या ओळी (दर ओळ म्हणजे एक सूत्र) इथे जशाच्या तशा टाका. वर्डमध्ये उघडून सेव्ह करू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करू शकतो आणि मग कुठलाच प्रोग्राम ती फाइल वाचत नाही. मूळ फाइलची एक प्रत आधी बाजूला ठेवा.

धागाकर्ती:

उघडली. वर आवृत्तीच्या जागी अ‍ॅपोफिसिस २.०८ लिहिलंय. पहिल्या चित्रात तीन एक्सफॉर्म आहेत. दोघांत 'लिनिअर' आणि 'स्फेरिकल' असे शब्द आहेत. तिसरी ओळ अशी: वेट ०.५, कलर ०, एशर १, एशर_बीटा ०.३, कोएफ्स आणि पुढे सहा आकडे. त्याखाली पॅलेट, २५६ रंग, आणि आकडे-अक्षरांच्या लांबच लांब ओळी.

दुसरं चित्रही आहे! फक्त त्याचं पॅलेट मध्येच तुटतं आणि फाइल तिथेच संपते.

प्रतिसाद:

चोर सापडला. 'एशर'. त्या काळी अ‍ॅपोफिसिसमध्ये मूळची व्हेरिएशन्स, म्हणजे सूत्रात बिंदू वळवायचे प्रकार, थोडी होती, बाकीची लोक प्लगइन म्हणून लिहायचे. प्लगइन म्हणजे एक डीएलएल फाइल, प्रोग्रामच्या प्लगइन्स फोल्डरमध्ये टाकायची. दादांच्या संगणकावर ती होती, तुमच्याकडे नाही. नाव ओळखीचं नसलं की जुना प्रोग्राम ते मुकाट्याने गाळतो, म्हणून एरर दिसली नाही.

ठिपके का, तेही सांगतो, कारण पुढे कुठल्याही .फ्लेमला हे निदान उपयोगी पडेल. तिसऱ्या एक्सफॉर्ममध्ये एशर सोडून दुसरं व्हेरिएशनच नाही. ते गाळलं की त्या सूत्राचं उत्तर कायम शून्य-शून्य. म्हणजे बऱ्याच उड्यांना बिंदू येऊन मध्यावर आदळतो. उरलेली दोन सूत्रं त्या एकाच बिंदूला इकडेतिकडे फेकतात, आणि मोजक्या जागीच प्रकाश साचतो. तंतू तयार व्हायला वेगवेगळे बिंदू लागतात, ते मिळतच नाहीत. तंतूंच्या जागी सुटे ठिपके दिसले की आधी हरवलेलं व्हेरिएशन शोधायचं. आकार नीट पण रंग भलते असतील, तर पॅलेट बघायचं.

आता डीएलएल हुडकत बसू नका. ३२ बिट प्रोग्रामला ३२ बिटचंच प्लगइन चालतं, ६४ला ६४चं, त्यात वेळ जातो. एशर पुढे इतर प्रोग्राममध्ये मूळचंच आलं. जेवाइल्डफायर घ्या. जावावर चालतो, विंडोज, मॅक, लिनक्स कुठेही. त्यात .फ्लेम थेट उघडा.

धागाकर्ती:

उघडलं!! हुबेहूब तेच चित्र, चक्रांच्या कडेचे तंतूसुद्धा. दादाला स्क्रीनशॉट पाठवला, त्याचा लगेच फोन आला. खूप खूप आभार.

आता छपाईचं विचारते. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ मिळून एकसंध हवंय, १७ बाय ११ इंच, ३०० डीपीआय. म्हणजे ५१०० बाय ३३०० पिक्सेल. फाइलमध्ये साइझ ८०० ६०० आहे, ती नुसती बदलू का?

प्रतिसाद:

नुसती साइझ बदलू नका. शेजारी 'स्केल' आहे ना, ते एका एककाला किती पिक्सेल द्यायचे ते सांगतं. कॅनव्हास वाढवून स्केल तेच ठेवलं तर मोठ्या काळ्या पटावर मधोमध इवलंसं चित्र येईल. उंची ६००ची ३३०० होते, म्हणजे साडेपाच पट. स्केललाही ५.५ने गुणा. प्रोग्रामच्या रेंडर (अंतिम चित्र मोजून काढायच्या) खिडकीतून आकार बदललात तर बहुतेकदा हे आपोआप होतं, पण फाइलमध्ये हाताने बदलताना लक्षात ठेवावं लागतं.

साडेपाच पटीने मूळ चौकटीची रुंदी ४४०० होते, आणि तुम्हाला हवी ५१००. ही अडचण नाही, उलट चांगलंच आहे. दादांनी जे चौकटीबाहेर सोडलं होतं तेही सूत्रात आहेच, दोन्ही बाजूंना थोडं थोडं नवं दिसेल. ते त्यांना एकदा दाखवून घ्या, चित्राची चौकट ही शेवटी चित्रकाराची निवड असते.

क्वालिटी म्हणजे दर पिक्सेलमागे किती नमुने. पाहण्यापुरती ५० चालते, छपाईला मी १०००च्या खाली जात नाही. कमी ठेवलीत तर विरळ भागात रवाळपणा येतो, आणि पडद्यापेक्षा कागदावर तो जास्त खटकतो.

आणखी एक प्रतिसाद:

मेमरीकडेही बघा. ओव्हरसॅम्पल (म्हणजे आधी मोठ्या आकारात मोजून मग लहान करणं) २ ठेवलंत तर मोजणी १०,२०० बाय ६,६०० खान्यांवर होते, म्हणजे ६ कोटी ७३ लाख खाने. प्रत्येक खान्यात तांबडा, हिरवा, निळा आणि एकूण फेऱ्या असे चार आकडे, दर आकड्याला ८ बाइट धरले तर २.१५ अब्ज बाइट झाले. ३२ बिट प्रोग्रामची २ जीबीची मर्यादा इथेच ओलांडली जाते. ६४ बिट जावा वापरा, नाहीतर अर्ध्यातच मेमरी संपल्याचा निरोप येईल. रेंडर रात्री लावून ठेवा.

दुसऱ्या चित्राबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तेही वाचेल. फाइलमध्ये एक्सफॉर्म आधी येतात, पॅलेट नंतर. म्हणजे आकार शाबूत आहे, फक्त रंग गेलेत. तुटक्या पॅलेटच्या जागी पहिल्या चित्राचं अख्खं पॅलेट चिकटवा. रंग २५६, दर रंगाला सहा अक्षरं, एकूण १५३६ भरली पाहिजेत. मग पॅलेट, फ्लेम आणि फ्लेम्स हे तिन्ही टॅग त्याच क्रमाने बंद करा. फाइल उघडेल. त्या चित्राची एखादी छोटी प्रत कुठे सापडली तर अ‍ॅपोफिसिसमध्ये 'स्मूद पॅलेट' आहे, ते चित्रावरून पॅलेट बनवतं.

धागाकर्ती:

दुसरंही उघडलं! रंग उसने आहेत, पण दादाने आकार लगेच ओळखला. त्याला मूळ जांभळा-सोनेरी आठवतोय, तो स्वतः बसून नवं पॅलेट करणार आहे. मुखपृष्ठासाठी रुंद चौकट त्याला पसंत पडली, फक्त केंद्र जरा डावीकडे घ्यायला सांगितलं.

एक शेवटचं. छापखान्याला सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, टिफ फाइल हवी आहे. सीएमवायकेत बदलल्यावर निळा अगदी मलूल होतोय. काय करावं?

प्रतिसाद:

काळ्यावर चमकणारा तसला निळा शाईत तितका येत नाहीच. रेंडर पीएनजीमध्ये काढा, छापखान्याकडून त्यांचं कलर प्रोफाइल मागून घ्या, आणि रंग फोटोशॉपमध्ये न ताणता पॅलेटमध्येच थोडे हलवून पुन्हा रेंडर करा. निळा किंचित हिरव्याकडे नेलात तर कागदावर जास्त उजळ उतरतो. पूर्ण अंक छापायच्या आधी त्याच कागदावर एक प्रूफ नक्की काढून घ्या, आणि ते दादांना दिवसाच्या उजेडात बघू द्या.