मदत हवी आहे: जर्मनीत रेस्टॉरंट, त्सोलच्या (जर्मन कस्टम्स, जे किमान वेतनही तपासतात) तपासणीसाठी कामाच्या तासांची नोंद

नमस्कार मंडळी. स्वयंपाकघरात तिघे पूर्णवेळ, वाढायला दोघे मिनीजॉबवर (ठरावीक मर्यादेपर्यंत पगाराची छोटी नोकरी), शनिवार-रविवारी भाऊ पगारावर मदतीला. आठवड्याचा डीन्स्टप्लान (पाळ्यांचं वेळापत्रक) भिंतीवर असतो, आल्या-गेल्याच्या वेळा वहीत मराठीत लिहितो. त्सोलची माणसं आली तर एवढं चालेल का?

प्रतिसाद १
नाही चालणार. डीन्स्टप्लानमध्ये ठरवलेल्या वेळा असतात. किमान वेतन कायद्याच्या कलम १७ ला प्रत्यक्ष काम कधी सुरू झालं, कधी संपलं आणि एकूण किती तास झालं, हे प्रत्येक दिवसाचं हवं असतं. सोमवारच्या कामाची नोंद फार तर पुढच्या सोमवारपर्यंत. शिवाय अधिकाऱ्यांना मराठी वाचता येणार नाही, त्यामुळे यापुढे नोंदी जर्मनमध्येच ठेवा.

ठरावीक छापील नमुना नाही. माणशी महिन्याला एक श्टुंडेनत्सेटल (तासांचा तक्ता) करा: तारीख, सुरुवात, शेवट, सुट्टी, एकूण तास. सगळ्यात जास्त घोळ दुपारच्या सुट्टीत होतो. आचारी ११:०० ते १४:३० आणि १७:०० ते २२:३० असला, तर दोन ओळी लिहा, ९ तास होतात. एकाच ओळीत ११:०० ते २२:३० लिहिलंत तर ते साडेअकरा तास दिसतात: दिवसाची १० तासांची मर्यादाही मोडली आणि अडीच तासांचा पगारही थकला.

रोज हुबेहूब त्याच वेळा लिहू नका. तक्त्यात सगळे २२:३० ला घरी आणि गल्ल्यावरचं शेवटचं बिल २३:१० चं, तर तक्त्यावर कोण विश्वास ठेवील? अधिकारी कामगारांना वेगवेगळं विचारतात. सही सक्तीची नाही, तरी दर आठवड्याला घ्याच.

प्रतिसाद २
भावाची नोंदही ठेवा. नातेवाइकांमध्ये सूट फक्त मालकाचा जोडीदार, मुलं आणि आईवडील यांना आहे.

मिनीजॉबचा हिशोब: २०२६ मध्ये मर्यादा महिना ६०३ युरो, किमान वेतन तासाला १३.९०. म्हणजे साधारण ४३ तास. तक्त्यात ५० तास आणि पगार ६०३ असेल, तर तासाला १२.०६ पडतात. तिथेच पकडले जाता.

दोन पाळ्यांमधली विश्रांतीही तपासा. रेस्टॉरंटला ११ ऐवजी १० तासांची सवलत आहे, पण तो कमी केलेला एक तास महिन्याभरात दुसऱ्या दिवशी १२ तास विश्रांती देऊन भरून काढावा लागतो. रात्री साडेबाराला भांडी आवरून सुटलेला माणूस सकाळी दहाला भाजी चिरायला आला, तर साडेनऊच तास होतात. त्याला साडेदहाला बोलवा.

कामावर असताना प्रत्येकाकडे पासपोर्ट किंवा ओळखपत्र हवं, आणि तसं लेखी कळवल्याचा कागद तुमच्याकडे. नवीन माणसाची जोफोर्टमेल्डुंग (सरकारकडे तातडीची नोंदणी) काम सुरू होण्याआधीच, अगदी एका संध्याकाळच्या मदतीलाही. तक्ते २ वर्षं जपा. टॅक्स सल्लागाराकडे असले तरी एक प्रत हॉटेलात ठेवा, कारण तपासणी न सांगता येते. नोंदी नसतील तर दंड ३०,००० युरोपर्यंत जाऊ शकतो.

मूळ प्रश्नकर्ता
मनापासून आभार. मागच्या महिन्यांचे तक्ते आता जर्मनमध्ये नव्याने करून ठेवू का?

प्रतिसाद १
जुन्या तारखा घालून अजिबात नको. मूळ वही तशीच जपा. जर्मन भाषांतर वेगळ्या कागदावर करा, वर ‘भाषांतर’ असं स्पष्ट लिहा आणि खाली आजची तारीख टाका. वहीत एखादा दिवस कोरा असेल तर तो भाषांतरातही कोराच राहू द्या.