सेकंडहँड एचके पी७एम८ घ्यावं का? मूठ आवळून कॉक होणारं पिस्तूल

जर्सीतला_सातारकर
मंडळी, इथे अमेरिकेत नेमबाजी करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. मी सेंट्रल जर्सीत असतो, ग्रीन कार्ड आहे, परमिट वगैरे सगळं रीतसर. रेंजला लागून जे दुकान आहे तिथे एक जुनं पी७एम८, म्हणजे एचके (हेकलर अँड कॉख) या जर्मन कंपनीचं ९ एमएम पिस्तूल, आलंय आणि दुकानदाराने ते रेंजवर चालवून बघायला दिलं. २,१०० डॉलर म्हणतोय, दोन मॅगझिन आणि मूळ डब्यासकट.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. याला बाहेर हॅमर नाही, अंगठ्याने सरकवायची सेफ्टी पण नाही. मुठीची पुढची बाजू, जिथे आपली खालची तीन बोटं बसतात, तोच एक लांब लिव्हर आहे, त्याला कॉकर म्हणतात. मूठ आवळली की तो आत जातो, खाडकन आवाज होतो, आतला स्ट्रायकर (गोळीच्या बुडावर आदळणारा दांडा) ताणला जातो आणि स्लाइडच्या मागून त्याचं बारीक टोक बाहेर डोकावतं. मूठ सैल केली की परत खाडकन आणि टोक आत. म्हणजे धरलं तर तयार, सोडलं तर बंद, मध्ये काही लक्षात ठेवायचंच नाही.

पहिल्यांदा आवळताना जड लागतं पण एकदा आत गेला की नुसता हात ठेवला तरी राहतो. ट्रिगर छोटा आणि स्वच्छ, आणि धक्का इतका सरळ मागे येतो की पुढचं साइट जागेवरून हललंच नाही असं वाटतं. ९ एमएमची बरीच पिस्तुलं चालवली आहेत पण हे वेगळंच आहे, खरंच मनात भरलंय.

आता अडचण. सावकाश एकेक गोळी मारताना दोन गोळ्यांच्या मध्ये बोटं आपोआप सैल होतात, कॉकर सुटतो, परत आवळावं लागतं, आणि दर वेळी पकड थोडी बदलते. सलग मारल्या की ग्रुप (कागदावरची भोकं) घट्ट येतो, थांबून थांबून मारल्या की पसरतो. दुसरं म्हणजे काही मॅगझिन झाल्यावर ट्रिगर गार्डच्या वरची जागा चांगलीच तापली.

तर प्रश्न असे की हा कॉकर वापरून वापरून झिजतो का, जुनं घेताना नेमकं काय तपासायचं, आणि पकडीचं काय करू?

स्टुटगार्टहून
आधी थोडं मागचं सांगतो, कारण हे पिस्तूल असं विचित्र का आहे ते त्यातूनच कळतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या हत्याकांडानंतर पश्चिम जर्मनीच्या पोलिसांनी जुनी ७.६५ एमएमची पिस्तुलं काढून ९ एमएम आणायचं ठरवलं. अट अशी होती की काढल्या काढल्या चालवता आलं पाहिजे, हाताने सेफ्टी काढायची भानगड नको, आणि तरी हातातून पडलं तर सुटता कामा नये. त्यातून तीन पिस्तुलं पास झाली, वॉल्थरचं पी५, सिगचं पी६ आणि हे एचकेचं पी७. बाकी दोघांनी बाहेरचा हॅमर ठेवून पहिला ट्रिगर लांब आणि जड केला, एचकेने सगळा भार मुठीवर टाकला. म्हणून तर याचा पहिला ट्रिगर आणि आठवा ट्रिगर तंतोतंत सारखा लागतो. माझ्या मते त्या तिघांत डोकं लावलेलं काम हेच. बव्हेरियाच्या पोलिसांनी आणि जीएसजी ९ या जर्मनीच्या दहशतवादविरोधी पथकाने हेच घेतलं.

तुमचं एम८ म्हणजे अमेरिकेसाठी केलेली आवृत्ती. जर्मन पोलिसांच्या मूळ पी७ ला मॅगझिन सोडायचा खटका मुठीच्या बुडाला मागे असायचा, एम८ ला तो ट्रिगर गार्डच्या मागे दोन्ही बाजूंनी दिला आणि तुम्ही म्हणताय त्या गरम जागेवर उष्णता अडवणारं प्लास्टिकचं आवरण बसवलं. तुमच्याच न्यू जर्सीच्या स्टेट पोलिसांकडे ८० च्या दशकात एम८ होतं, त्यामुळे तुमच्या भागात जुनं मिळालं यात नवल नाही.

वर्ष बघायचं असेल तर दोन अक्षरांचा कोड शोधा. ए म्हणजे ०, बी म्हणजे १ असं के म्हणजे ९ पर्यंत जातं, मधलं जे वापरत नाहीत. आय आणि ई असेल तर १९८४. शेजारी हरणाचं शिंग कोरलेलं असेल तर ती उल्मच्या प्रूफ हाउसची, म्हणजे शस्त्रं तपासणाऱ्या संस्थेची, खूण.

ह्यूस्टन_कट्टा
माझ्याकडे बरीच वर्षं एम८ आहे, रेंजवर नेहमी चालवतो. कॉकरची काळजी करू नका, तो दणकट आहे. दाबायला साधारण ७ किलोचा जोर लागतो आणि धरून ठेवायला ७०० ग्रॅमपण लागत नाही. नळी रिकामी आहे हे दोनदा बघून घ्या मग कॉकर न दाबता ट्रिगर ओढा, काहीही व्हायला नको. मग ट्रिगरवरचं बोट काढून आवळा, सोडा, दोन्ही वेळा आवाज ठसठशीत यायला हवा, घासल्यासारखा किंवा अर्धवट नको.

खरी तपासणी आत आहे. दुकानदाराला स्लाइड काढून दाखवायला सांगा, मागे डाव्या बाजूला बटण आहे ते दाबून स्लाइड पूर्ण मागे ओढून उचलायची, मिनिटभराचं काम. स्लाइडच्या पुढच्या टोकाला एक दांडा लोंबतो तो पिस्टन, आणि नळीच्या खाली तो जिथे शिरतो ते गॅस सिलिंडर. चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या जागेच्या, जरा पुढे नळीला भोक आहे, गोळी सुटली की थोडा गॅस त्यातून खाली येऊन पिस्टनला पुढे रेटतो आणि स्लाइडला लगेच मागे येऊ देत नाही. गोळी बाहेर पडून दाब उतरला की मग स्लाइड मागे येते. धक्का मऊ लागतो तो यामुळे, आणि तो गरम गॅस तुमच्या बोटाच्या अगदी वर कोंडला जातो म्हणून ती जागा तापते. तो दोष नाही, रचनाच तशी आहे. मी काही मॅगझिननंतर बाजूला ठेवतो आणि दुसरं काहीतरी चालवतो.

सिलिंडरमध्ये टॉर्च मारा. काळा कडक थर चढलेला असेल तर आधीच्या मालकाने साफ केलेलं नाही. मूळ डबा आहे म्हणता तर त्यात सिलिंडर खरवडायचा ब्रश असतो, तो आहे का विचारा. नुसत्या शिशाच्या गोळ्या यात कधी घालू नका, शिसं त्या भोकात बसतं, आवरण असलेल्याच वापरा. फायरिंग पिनच्या बुशिंगला (पिन ज्यात बसते त्या नळकांड्याला) चीर गेली नाही ना ते नीट बघा, जुन्या पी७ मध्ये तो भाग तुटतो. पुंगळ्यांवर उभे काळे पट्टे दिसले तर घाबरू नका, चेंबरला आतून खाचा आहेत त्याची ती निशाणी.

उत्पादन कधीच बंद झालंय, पार्ट शोधावे लागतात आणि मॅगझिन महाग आहेत. दोन मॅगझिनसकट २,१०० आणि आतून स्वच्छ असेल तर मी घेईन.

बालेवाडी_१०मीटर
मी पुण्यात एअर पिस्तूल मारते आणि नवीन मुलांना शिकवते. पी७ हातात घेतलेलं नाही, आपल्याकडे ९ एमएम सामान्य माणसाला मिळतच नाही, प्रोहिबिटेड बोअर. पण पकडीबद्दल सांगू शकते कारण तुमचं जे होतंय ते माझ्या विद्यार्थ्यांचंही होतं, फक्त त्यांना खाडकन आवाज येत नाही म्हणून कळत नाही.

सावकाश मारताना दोन शॉटच्या मध्ये हात अर्धवट सैल करू नका. एक तर पूर्ण खाली आणा, विसावा द्या, आणि मग पकड पहिल्यापासून बांधा, किंवा मग पकड तशीच ठेवा. अधलंमधलं केलं की अंगठ्याच्या बेचक्यात पिस्तूल किंचित फिरतं आणि साइट सरळ दिसत असूनही मनगट वेगळ्या कोनात असतं.

क्रम असा करून बघा. आधी बेचका वर घट्ट बसवा, मग मधलं आणि अनामिका यांनी सरळ मागे दाबा, करंगळी फक्त टेकवा. करंगळीने आवळलं की नळी खाली जाते. कॉकर बसला की एक श्वास जाऊ द्या, हाताची थरथर बसू द्या, आणि मगच बोट ट्रिगरवर. सगळी बोटं एकदम वळायची आपली सवय असते, त्यामुळे कॉकर आवळताना बोट ट्रिगरवर नसलंच पाहिजे, हे तुमच्या पिस्तुलात फार महत्त्वाचं आहे.

आणि घरी रिकाम्या पिस्तुलावर, समोर कोरी भिंत ठेवून, दाब किती ते ओळखायला शिका. एअर पिस्तुलाचा ट्रिगर ५०० ग्रॅमचा, तुमचा दोन किलोच्या आसपास असेल, म्हणजे ट्रिगर ओढताना बाकीची बोटं जास्त आवळायचा मोह तुम्हाला जास्तच होणार. कॉकर आत ठेवायला जेवढा लागतो त्याहून थोडा जास्त दाब, आणि तो शॉट सुटेपर्यंत तोच.

नवा_सभासद_डॅलस
मस्त धागा. मी एच-१बी वर आहे, मला रेंजवर भाड्याने घेऊन असं काही चालवता येईल का?

ह्यूस्टन_कट्टा
थांबा, हे गंभीर आहे. एच-१बी वर फेडरल कायद्याने पिस्तूल बाळगायलाच बंदी आहे, आणि रेंजवर भाड्याने हातात घेतलेलंही त्यात धरलं जातं. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. रेंजवाला विचारत नाही म्हणून चालतं असं समजू नका, आधी वकिलाशी बोला, पुढे ग्रीन कार्डच्या वेळी अंगाशी येईल.

जर्सीतला_सातारकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, करंगळीचं आजच घरी माझ्या दुसऱ्या पिस्तुलावर करून बघितलं, साइट खाली ओढलं जातं ते स्पष्ट दिसलं. शनिवारी दुकानात स्लाइड काढून सिलिंडर आणि बुशिंग बघतो, ठीक असेल तर घेणार. त्याच्याकडे एक एम१३, म्हणजे पी७ चीच १३ गोळ्यांची आवृत्ती, पण येणार आहे म्हणे, ते चालवून बघू का?

स्टुटगार्टहून
एम१३ ची मूठ जाड आहे, कॉकर आवळायला मोठा पंजा लागतो. आणि तुमच्याकडे २०१८ पासून मॅगझिनला १० गोळ्यांची मर्यादा आहे ना, त्याचं मॅगझिन १३ चं. एम८ चं ८ चं आहे, तिथे प्रश्नच येत नाही. एम८ च घ्या.