लाँग कोविडवर निकोटिनचा पॅच: आपलं आपण लावून बघावा का?

निवांत_नाही
कोविड होऊन गेला, घरातले सगळे उठून कामाला लागले. मी मात्र अजून गवार निवडायला बसले की अर्ध्यात आडवी होते. बोलता बोलता शब्द सापडत नाही. कोविड सरला तरी त्रास मागे राहतो, तो हा लाँग कोविड. थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन, साखर, छातीचा एक्स-रे, सगळं झालं आणि सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, सकाळी फिरायला जात जा. फिरायला गेले की दुसऱ्या दिवशी अंथरूण धरते.

आता मुद्द्याचं. २०२३ मध्ये जर्मनीत लायपझिगच्या डॉक्टरांनी चार रुग्णांची हकीकत छापली. सिगरेट सोडवायला कातडीवर चिकटवतात तो निकोटिन पॅच कमी मात्रेत लावला आणि चौघांनाही थोड्याच दिवसांत चांगला उतार पडला. त्यांचा तर्क असा: असेटिलकोलिन हे रसायन ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ठरावीक जागेवर, बसून मज्जातंतूंचे निरोप पोचवतं, तिथे विषाणूचं प्रथिन ठाण मांडतं. निकोटिन त्याच जागेला जास्त घट्ट चिकटतं, म्हणून ते त्याला तिथून हुसकावतं. तेव्हापासून कितीतरी रुग्ण स्वतःच पॅच लावून बघतायत.

मी जन्मात सिगरेट ओढलेली नाही. तरी माझं मत, बघायला हरकत नसावी. मोठ्या चाचणीची वाट बघणं धडधाकट माणसाला परवडतं.

खलबत्ता
चार माणसांत रमीचा डाव होतो, औषध सिद्ध होत नाही. पॅच न लावलेले किंवा नुसतीच चिकटपट्टी लावलेले रुग्ण त्यात तुलनेला होते का? नव्हते. हे दुखणं असंही कमीजास्त होतं. माणूस नवा उपाय करतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात, मग पुढचा आठवडा बरा गेला की श्रेय पॅचला.

आणि ही कल्पना काही २०२३ ची नाही. २०२० मध्ये पॅरिसमध्ये ज्याँ-पिएर शांजो यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने हीच मांडली होती, कारण इस्पितळात दाखल झालेल्यांत सिगरेट ओढणारे कमी दिसत होते. बातमी फुटल्यावर फ्रान्स सरकारला निकोटिन पॅचच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली. पुढे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल छापून आला. पॅच लावल्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

निवांत_नाही
व्हेंटिलेटरवरचा माणूस आणि गवार निवडताना दमणारी मी, दोघांचा आजार एकच धरायचा का? तिथे उपयोग झाला नाही म्हणजे इथेही होणार नाही, हे कुठून काढलंत?

खलबत्ता
काढलं नाही. पण तिथे तो तर्क फसला, एवढं तरी लायपझिगच्या चौघांशेजारी लिहा की.

काउंटरमागून
मेडिकल स्टोअर आहे आमचं. दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळतो म्हणून लोकांना ती गोळी-चॉकलेटच वाटते. कधीच तंबाखू न खाल्लेल्या माणसाने गम भराभर चघळला की उचकी, मळमळ, गरगरणं ठरलेलं. पॅच वेगळा, त्यातून निकोटिन सावकाश उतरतं. पण काढून टाकलेल्या पॅचमध्येही बरंच निकोटिन शिल्लक असतं, हे कोणी सांगत नाही. चिकट बाजू आत दुमडून, लहान मुलाच्या आणि कुत्र्यामांजराच्या हाताला लागणार नाही असाच टाकायचा. आणि मात्रा कमी करायची म्हणून कात्रीने कापत बसू नका, सगळे पॅच कापण्यासारखे नसतात.

तव्यावरची_राख
तंबाखूचा विषय निघाला म्हणून. आमच्या आईची मशेरी दाढदुखीवर औषध म्हणून सुरू झाली. शेजारणीने सांगितलं, लाव चिमूटभर, ठणका थांबेल. थांबला. मग पोट साफ होतं म्हणून, मग सकाळी डोकं चढतं म्हणून. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची तेव्हा ठसक्याने अख्खं घर अंगणात यायचं. आता दाढ नाही, मशेरी आहे. गावाकडे विचारा, निम्म्या बायकांची सुरुवात अशीच ‘गुण येतो’ म्हणून झालेली निघेल. मला पॅचचं शास्त्र कळत नाही. ‘गुण येतो’ हे ऐकलं की धास्ती वाटते, एवढंच.

पुरावा_दाखवा
ताई, धास्ती समजू शकतो, पण ही गल्लत आहे. मशेरीत तंबाखूची सगळी विषं येतात आणि निकोटिन झटक्यात चढतं. त्या झटक्यानेच चटक लागते. पॅचला तो झटका नाही. अमेरिकेत २०१२ साली स्मरणशक्ती किंचित कमी झालेल्या, सिगरेट न ओढणाऱ्या ७४ वयस्कांवर चाचणी छापली गेली. निम्म्यांना सहा महिने रोज १५ मिलिग्रॅमचा पॅच, निम्म्यांना खोटा. खऱ्या पॅचवाल्यांची एकाग्रता सुधारली आणि बंद केल्यावर कोणाला तलफ आली नाही. म्हणजे ‘एकदा लावला की सुटत नाही’ हे पॅचपुरतं तरी खरं नाही.

खलबत्ता
त्याच चाचणीत डॉक्टरांच्या एकूण मतानुसार रुग्णांमध्ये ठळक फरक पडलेला नव्हता. तेही सांगा.

पुरावा_दाखवा
सांगितलं असतं. मी तलफेबद्दल बोलत होतो.

उभं_राहवत_नाही
मीही याच बोटीत. उभी राहिले की नाडी भसाभस वाढते, भिंत धरावी लागते. लाँग कोविडमध्ये हा प्रकार बऱ्याच जणांना असतो आणि निकोटिन नाडी अन् रक्तदाब दोन्ही वाढवतं. माझ्यासारखीने पॅच लावणं म्हणजे विषाची परीक्षा.

पण माझी खरी हरकत वेगळी आहे, त्यावर कोणीच बोललेलं नाही. निकोटिनने तरतरी येते, ती कोणालाही येते, आजारी असो नसो. आपला रोग असा की झेपेल त्यापेक्षा जास्त केलं की एकदोन दिवसांनी सगळं अंगावर येतं. तरतरी आली म्हणून तुम्ही कपाट आवरायला घेणार, पाहुण्यांना जेवायला बोलावणार. अंग बरं झालेलं नसेल, फक्त ‘आता थांब’ हे ऐकू येईनासं होईल. मला दमण्याची ती सूचना हवी आहे. तिच्यावर माझा सगळा दिवस बेतलेला असतो.

निवांत_नाही
हा मुद्दा पटला आणि खटकलाही. पटला, कारण फिरायला जाऊन माझं तेच होतं. खटकला, कारण या हिशेबाने मला बरं वाटणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवता येणार नाही.

मी ईसीजी काढून घेते, उभं राहिल्यावर नाडी किती होते तेही बघून घेते. दुसऱ्या फिजिशियनची वेळ घेतलीय, त्यांच्यासमोर लायपझिगचा कागदच ठेवणार आहे. ‘फिरायला जा’ म्हणाले तर मात्र पॅच घेऊनच घरी येईन.

खलबत्ता
घ्या, पण तो लावलात तरी चालणं-आवरणं आत्ता आहे तेवढंच ठेवा. आणि काय झालं नाही तर बंद करणार, ते आजच इथे लिहा. नंतर लिहायला बसाल तेव्हा पॅच लावलेला असेल.

निवांत_नाही
नाडी वाढली, झोप उडाली किंवा महिन्याभरात शब्द सापडायला लागले नाहीत, तर बंद. आणि पाहुण्यांना जेवायला बोलावणार नाही, ते तर अजिबात नाही.